साठ सेंटिमीटरचं यंत्र पंधरा मीटरचं करताना

इंग्लंडमधल्या स्लाऊला राहायला आल्यावर कळलं, की १९६५ साली टीव्हीवर सुरू झालेल्या ‘थंडरबर्ड्स’ या कठपुतळ्यांच्या मालिकेचे ३२ भाग इथल्याच ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, चित्रित झाले होते. जंगल फस्त करत पुढे सरकणारा क्रॅबलॉगर, पायांवर चालणारा लष्कराचा साइडवाइंडर, ही सगळी धुडं प्रत्यक्षात टेबलावर मावणारी मॉडेलं. म्हटलं, आपणही एक बांधू आणि फोनवर शूट करून बघू.

बांधणीबद्दल फार सांगत बसत नाही. पोकलेनसारखं चेनवर चालणारं, रस्ते बांधणारं यंत्र; प्रमाण १:२५, लांबी साठ सेंटिमीटर, म्हणजे ‘खरं’ असतं तर पंधरा मीटर. सांगाडा प्लॅस्टिक शीटचा आणि वरचा पसारा एअरफिक्स कंपनीच्या, जोडून बनवायच्या रणगाड्या-विमानांच्या किटमधल्या उरल्यासुरल्या भागांचा. मालिकेचे स्पेशल इफेक्ट्सवाले डेरेक मेडिंग्ज आणि त्यांची मंडळी हेच करायची. मालिकेतल्या थंडरबर्ड १ या रॉकेट-विमानाच्या तळाच्या भिंतीत तर चक्क लिंबू पिळायचं प्लॅस्टिकचं यंत्र बसवलंय! एकदा ते दिसलं की त्या दृश्यात दुसरं काही दिसतच नाही.

खरी मेख वेळेत आहे. पंधरा मीटरच्या यंत्रावरून दगड एक मीटर खाली पडायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. माझ्या यंत्रावरून तोच दगड चार सेंटिमीटर पडणार, तेही सेकंदाच्या दहाव्या भागात. रंगकाम कितीही झकास असो, डोळा तिथेच ओळखतो की हे खेळणं आहे. उपाय साधा: प्रमाणाचं वर्गमूळ काढायचं. २५ चं वर्गमूळ ५, म्हणून नेहमीच्या २४ फ्रेम्सऐवजी (फ्रेम म्हणजे एक स्थिरचित्र) सेकंदाला १२० घ्यायच्या आणि २४ च्या वेगाने दाखवायच्या. स्लाऊची मंडळीही कॅमेरा १२० पर्यंत पळवायची.

आता यंत्राचा वेग. पडद्यावर ताशी वीस किलोमीटर दिसायला हवा असेल तर टेबलावर ते ताशी चार किलोमीटरने ओढावं लागतं, म्हणजे माणसाच्या चालीने. माझं टेबल तीन मीटरचं. तीन सेकंदांच्या आत खेळ खल्लास, पण पडद्यावर तेच तेरा-चौदा सेकंद चालतं. तार ओढायचं काम नवऱ्याकडे. “अरे, हिसका देऊ नकोस,” “मग तूच ये ओढायला,” हा संवाद बऱ्याच शॉट्सच्या आवाजात आहे. (आवाज नंतर काढून टाकला.) धक्के कमी व्हावेत म्हणून पोटात शिशाची वजनं भरली आणि चाकांना मऊ स्प्रिंगा लावल्या. हलकं मॉडेल खड्ड्यावरून टुणकन उडतं. जड यंत्र आधी दबतं, मग सावकाश वर येतं.

उजेडाने बराच छळ केला. इथली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरातले दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. एरवी ते जाणवत नाही, पण १२० फ्रेम्सवर अख्खं चित्र धडधडायला लागतं. शेवटी टेबल मागच्या अंगणात नेलं आणि इंग्लंडच्या उन्हाची वाट बघत बसलो. फोनचा सेन्सर इवलासा असतो, याचा मात्र इथे फायदाच: जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट दिसतं. पार्श्वभूमी धूसर झाली की मोठेपणा गेलाच म्हणून समजा.

आणि धूळ! वाळू वापरली तर एकेक कण खड्याएवढा दिसतो. सिनेमावाले धुळीसाठी मुलतानी माती वापरतात. ती इथल्या देशी दुकानात सहज मिळाली. मैद्याच्या चाळणीतून चाळून चेनच्या वाटेवर पातळ थर दिला. यंत्र त्यावरून गेलं तेव्हा मागे ढग उठला आणि हळूहळू खाली बसला. माझ्या मते निम्मं वजन त्या ढगानेच आणलं. कड्यांवरून रंग उडाल्याच्या खुणा आणि नळकांड्यांखालचे तेलाचे ओघळ मी पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळून केले होते. तेही धुळीनंतरच शोभायला लागले.

पाण्याला मात्र हे गणित लागू पडत नाही, कारण थेंब प्रमाणात लहान होत नाहीत. ‘थंडरबर्ड्स’मधले पाण्याखालचे प्रसंग तर कोरडेच घेतलेत: कॅमेऱ्यासमोर अरुंद फिशटँक, त्यात बुडबुडे, आणि मॉडेल टाकीच्या मागे तारांवर लटकलेलं. फिशटँकचा विषय घरात काढून ठेवलाय. अजून उत्तर आलेलं नाही.