पेरापेराला मूळ

मे सरत आला होता. गुहागरजवळच्या एका घरातून फोन आला की लॉनमध्ये दुसरंच काहीतरी माजलंय, पावसाआधी येऊन बघा. मी बागांची कामं घेतो, त्यामुळे पावसाआधीची ही घाई कळते.

पायरीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत वेडेलिया पसरली होती. जाड, चकचकीत पानं, अधूनमधून पिवळी फुलं. काकू म्हणाल्या, "अरे, माका आहे तो. तेलात घालतो आम्ही. उपटू नकोस हं."

तेलाचा नेहमीचा माका पांढऱ्या फुलांचा. पण पिवळा माकाही असतो आणि तिथेच फसगत होते. मी पान तोडून त्यांच्या हातावर ठेवलं. पिवळ्या माक्याचं पान लांबट, निमुळतं असतं. ह्याला दोन्ही बाजूंना कोन फुटलेले, पान तीन भागांचं दिसतं. "काकू, ही मूळची मध्य-दक्षिण अमेरिकेकडची. शोभेला म्हणून नर्सरीतून येते. केसांना नका लावू." चष्मा लावून त्यांनी ते पान बराच वेळ उलटसुलट पाहिलं.

खरा घोळ ग्रास कटरचा होता. गडी नेमाने कटर फिरवायचा. मी एक फांदी अलगद उचलली, तर पेरापेराला पांढरी मुळं. एक पेर ओल्या मातीत राहिलं तरी पुरे, तिथून नवीन वेल. कटरने उडालेले तुकडे लॉनभर पडायचे आणि संध्याकाळी त्यांनाही पाइपचं पाणी मिळायचं. गड्याला ते दाखवलं तेव्हा तो मटकन खालीच बसला.

मालकांनी मुंबईहून सांगितलं, औषध मारा. मी नको म्हटलं. ग्लायफोसेट हे तणनाशक वेडेलियाबरोबर लॉनही जाळतं, आणि विहीर हातभर अंतरावर. खुरप्याने माती सैल करून वेल मुळासकट सोडवली, तुकडान् तुकडा गोणीत भरला. खतखड्ड्यात मुळीच टाकायचं नाही, तिथे ती पुन्हा धरते. सगळं मागच्या कातळावर पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवलं. जिथे अगदी दाट होती तिथे काळी ताडपत्री अंथरून कडेला चिरे ठेवले. खाली लव्हाळाही निघाला, पण त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. ते काम वेगळं, चिवट.

पहिल्या पावसानंतर गेलो तेव्हा ताडपत्रीच्या कडेने कोंब आले होते, ते गड्याने काढलेही होते. कठड्याच्या फटीत मात्र वेल अजून आहे, खुरपं तिथे जात नाही. पाऊस उघडला की तिथले चिरे हलवून बघायचं ठरलंय.