आलेखवही, चौथा महिना: प्रकार पेन्सिलीने, तारखेसह

दहा अतिनवताऱ्यांचे (स्फोट होऊन एकाएकी उजळणाऱ्या ताऱ्यांचे) दीप्तिवक्र, म्हणजे तेज दिवसागणिक कसं बदललं याचे आलेख, हाताने, आलेख-कागदावर आणि एकाच मापात काढायचे ठरवलं होतं: दहा दिवसांना एक सेंटिमीटर. मोजमापं माझी नाहीत, खुली झालेली आणि प्रसिद्ध झालेलीच वापरते. पण एकेक बिंदू स्वतः मांडला की संगणकाच्या पडद्यावर नजरेतून सुटलेलं बरंच काही दिसतं. आजवर सहा झाले.

तुलनेसाठी आधी एक सरळमार्गी तारा हवा होता. एम १०१ दीर्घिकेत २४ ऑगस्ट २०११ला सापडलेला एसएन २०११एफई घेतला (‘एसएन’ म्हणजे अतिनवतारा, पुढे शोधाचं वर्ष). पावणेदोन सेंटिमीटरांत चढला, दहाव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा लहान तितका तारा तेजस्वी) आसपास पोचला आणि ठरल्या वाटेने उतरला. वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या त्याच्या प्रकाशात, हायड्रोजन नाही, सिलिकॉनची ठळक रेषा आहे, म्हणून प्रकार १ए. वहीत शाईने लिहून टाकलं.

दुसरा आयपीटीएफ१४एचएलएस. सप्टेंबर २०१४ मध्ये सापडला, हायड्रोजनच्या रेषा दिसल्या, प्रकार २ ठरला. असा तारा बहुधा शंभरेक दिवस एका पातळीवर रेंगाळतो आणि मग झपाट्याने मंदावतो. हा मंदावला, पुन्हा उजळला, परत मंदावला. सहाशे दिवसांत किमान पाच शिखरं. माझ्या मापात साठ सेंटिमीटर! तीन कागद एकमेकांना चिकटवावे लागले.

पण मला खरं अडवलं ते त्याच्या वर्णपटाने. स्फोटात बाहेरचे थर वेगवान असतात, आतले त्या मानाने हळू. कवच विरळ होत जातं तशी आपली नजर खोल शिरते, म्हणून रेषांवरून काढलेला वेग दिवसागणिक उतरत जायला हवा. इथे तो फारसा उतरतच नाही. सहाशेव्या दिवसाचा वर्णपट नेहमीच्या ताऱ्याच्या साठाव्या दिवसासारखा दिसतो. त्यात भर म्हणजे अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेने १९५४ साली काचपट्टीवर घेतलेल्या छायाचित्रात त्याच जागी एक उद्रेक नोंदलेला आहे. फार जड ताऱ्याचा गाभा अस्थिर होऊन तो एकापाठोपाठ एक थर भिरकावतो, ही कल्पना मला आवडते. पण मग इतक्या उशिरापर्यंत इतका हायड्रोजन आणि इतकी ऊर्जा कुठून आली, याचं उत्तर तिच्यात मिळत नाही.

एटी २०१८काऊने मापच मोडलं (‘एटी’ म्हणजे प्रकार पक्का न ठरलेल्या चमकीची नोंद). १६ जून २०१८ला दिसला आणि दोन-तीन दिवसांत शिखरावर, म्हणजे माझ्या कागदावर तीन मिलिमीटर. बिंदू एकमेकांवर चढले. त्याच्यापुरतं दिवसाला एक सेंटिमीटर असं माप घेतलं आणि कोपऱ्यात लाल शाईने तसं लिहून ठेवलं. सुरुवातीचा वर्णपट निळा आणि जवळजवळ सपाट, नेहमीच्या रेषांचा पत्ता नाही. पुढे त्याच्या क्ष-किरणांत सेकंदाला २२४ वेळा येणारा ताल सापडला. हे गणित मी दोनदा करून पाहिलं: एका ठोक्याला साडेचार मिलिसेकंदांहून किंचित कमी वेळ, आणि तेवढ्यात प्रकाश जेमतेम १,३०० किलोमीटर जातो. म्हणजे लुकलुकणारी वस्तू त्याहून लहानच असणार. न्यूट्रॉन तारा (स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा) किंवा कृष्णविवर, दुसरं काही सुचत नाही.

या महिन्याचा बहुतेक वेळ एसएन २०२२जेएलआयने घेतला. मे २०२२ मध्ये एनजीसी १५७ दीर्घिकेत तो टिपला दक्षिण आफ्रिकेतल्या लिबर्ट मोनार्ड या हौशी निरीक्षकाने. प्रकार १सी, म्हणजे हायड्रोजनही नाही आणि हेलियमही नाही. काही आठवड्यांनी दुसरं शिखर आलं आणि त्यानंतरच्या उतारावर १२.४ दिवसांची लाट. ती मला दिसेचना. तीन संध्याकाळी गेल्यावर चूक कळली. बिंदूंचा विखुरलेपणा कमी करायला मी दहा-दहा दिवसांची सरासरी घेत होते. १२.४ दिवसांच्या लाटेला ही चाळणी फारच जाड. लाट मीच पुसून टाकली होती. मग सुटे बिंदू परत मांडले, उताराची सरासरी रेषा वजा केली आणि उरलेला फरक वेगळ्या कागदावर मोठा करून काढला. तेव्हा कुठे उंचवटे दिसले. शेवटी प्रत्येक तारखेला १२.४ ने भागून उरलेल्या बाकीनुसार बिंदू एकावर एक रचले आणि लाट नीट उभी राहिली. त्या क्षणी मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

वर्णपटात नंतर हायड्रोजनची रेषाही उगवली आणि ती त्याच १२.४ दिवसांच्या तालात मागे-पुढे सरकते. म्हणजे स्फोटाच्या जागी उरलेली घट्ट वस्तू (न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर) आणि तिचा जोडीदार तारा एकमेकांभोवती फिरत असावेत आणि दर फेरीला जोडीदाराचा वायू ओढला जात असावा. हायड्रोजन नसलेल्या प्रकारात हायड्रोजन असा शेजारून आला.

एसएन २०१२झेड लवकर उरकला. वक्र साधाच, १एएक्स या दुबळ्या गटातला. लक्षात राहिलं ते एवढंच की त्या जागचा तारा स्फोटानंतरही हबल दुर्बिणीच्या चित्रात आहे, आणि आधीपेक्षा तेजस्वी आहे.

सहावा एसएन २००६जेसी. जपानच्या कोइची इतागाकी यांनी तो ऑक्टोबर २००६ मध्ये शोधला. दोन वर्षांपूर्वी, २००४ मध्ये, नेमक्या त्याच जागी थोडे दिवस चमकून गेलेला एक अंधुक ठिपकाही त्यांनीच टिपला होता. ताऱ्याने आधी हेलियमयुक्त कवच फेकलं आणि पुढचा स्फोट त्याच्यावर जाऊन आदळला. त्यातून हेलियमच्या अरुंद रेषा आल्या, आणि १बीएन या गटाचा तो ठळक नमुना ठरला. संगणकावरची जुनी चित्रं पुसून जागा मोकळी करायचं माझ्या मनात होतं. आता नाही करणार.

मोनार्ड आणि इतागाकी यांची टिपणं वाचल्यावर वहीची रीत बदलली आहे. प्रकाराचा रकाना आता पेन्सिलीने भरते आणि शेजारी वर्णपटाची तारीख लिहिते: ‘१सी, अमुक दिवशी’. एचएलएसच्या पहिल्या कागदावर शाईने लिहिलेलं ‘प्रकार २’ खोडलं नाही, तारीख मात्र जोडली. तुम्हीही वक्र काढत असाल तर प्रकार ठरल्यावर मोजणं थांबवू नका. जेएलआयची लाट नाव ठरून गेल्यानंतरच आली.

पुढचा एसएन २००९आयपी. २००९ मध्ये अतिनवतारा म्हणून नोंद झाली, मग तो ताऱ्याचा नुसता उद्रेक ठरला आणि २०१२ मध्ये त्याच जागी त्याहून कितीतरी मोठा भडका. दहा दिवसांना एक सेंटिमीटर धरला तर दोन्हींमध्ये मीटरभराहून जास्त अंतर पडतं. पाच कागद चिकटवून ठेवले आहेत.