ताईतातला तिलिस्म

आमच्या दागिन्यांच्या धंद्याची सुरुवात संकेतस्थळावरची आमची पानं बंद झाली त्या दिवशी झाली, असं मी म्हणते. नणंद म्हणते, रेझिन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणारं द्रव प्लास्टिक, पेटता पेटता राहिलं तिथपासून. दोन्ही खरं आहे.

२०१९ मध्ये आम्ही दोघींनी एका परदेशी अद्भुत कादंबरीवरून पेंडंट करायला घेतली. तारे, पानं, ड्रॅगनचे डोळे. काम चालायचं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, आणि सोलापुरात एप्रिलमध्ये पत्र्याखाली काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. रेझिनचे दोन भाग मिसळले की ते आपलं आपणच तापतं. हवा तापलेली असेल तर आणखी लवकर. एका दुपारी कपातून धूर निघाला, कप वितळला आणि बावीस ड्रॅगन जन्मालाच आले नाहीत. तेव्हापासून रेझिन पहाटे, थोडं थोडं, पसरट भांड्यात.

मग ज्या संकेतस्थळावर माल विकायचो तिथली आमची सगळी पानं एका रात्रीत उतरवली गेली. कार्डांवर आम्ही कादंबरीतली नावं बिनधास्त छापली होती, आणि त्या नावांचे हक्क दुसऱ्याचे. राग आला, पण चूक आमचीच होती.

दोन महिने नुसते बसून काढले. सासऱ्यांच्या कपाटात देवकीनंदन खत्रींची हिंदी कादंबरी ‘चंद्रकांता’ होती. आमच्या पिढीला त्यातल्या क्रूरसिंहाच्या दूरदर्शनवरच्या भुवया तेवढ्या आठवतात. कादंबरी १८८८ची, लेखक १९१३ मध्ये गेलेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे इथं कुणी दार ठोठावणार नाही, एवढ्याच हिशेबानं मी ती वाचायला घेतली. खरं सांगते, शंभर पानांनंतर हिशेब विसरले. गुप्त कळांनी बंद केलेला जादूचा खजिना म्हणजे तिलिस्म, वेष पालटणारे हेर म्हणजे ऐयार, त्यांचा बटवा, बेशुद्धाला शुद्धीवर आणणारा लखलखा, माणूस गिळणारा दगडी बगळा!

पण पहिली डिझाइन्स फसली. तलवार, मुकुट, राजकन्येचा चेहरा. ती कुठल्याही कथेची असू शकली असती. नणंद म्हणाली, “वहिनी, तिलिस्म दिसत नसतो, उघडावा लागतो की.” त्या एका वाक्यावर आम्ही ताईताकडे वळलो. ताईत आपल्याकडे आहेच, पोकळ असतोच. फक्त तो सहज उघडता कामा नये.

तांब्याचा पत्रा लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की मऊ पडतो. मग तो सळईवर गुंडाळायचा, टाकणखार लावून शिवण डाखानं जोडायची. टोपणाला आतून एक खिळा, नळीला वळणाची खाच, तळाशी बारीक स्प्रिंग. आधी दाबायचं, मग डावीकडे पाव फेरी. नुसतं ओढलं तर दिवसभर ओढत बसा. पहिल्या बारा ताईतांत आम्ही स्प्रिंग आधी बसवली आणि डाख नंतर दिला. उष्णतेनं सगळ्या स्प्रिंगा मेल्या. सराफ कट्ट्यावरच्या ज्या काकांकडून मी हे काम शिकत होते ते हसून म्हणाले, “ताई, आधी आग, मग स्प्रिंग. एवढं तर स्वयंपाकातही कळतं, कोथिंबीर कधी घालायची ते.”

गोफ आम्ही चादरीच्या मागावर उरलेल्या रंगीत सुताचे वळतो. शहराच्या पूर्व भागातल्या दोन बायका ते करून देतात. गाठ मारण्यातला त्यांचा वेग पाहिला की आपली बोटं लाकडाची वाटतात. काही माळांना कवड्या लावतो. तुळजापूर इतकं जवळ असताना कवडीसाठी लांब कशाला जायचं? कानातल्यांना आधी जर्मन सिल्व्हर वापरायचो. नावात चांदी, आत तांबं, जस्त आणि निकेल. तीनचार बायकांचे कान लाल झाल्यावर हुका चांदीच्या केल्या. सध्या सर्वांत जास्त जातात ती ऐयाराच्या बटव्याची कानातली. आत अत्तराचा फाया मावतो. लग्नात झोप आली तर हुंगायचा, हा आमचा लखलखा.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत टेबल मांडलं तेव्हा विक्री बेताचीच झाली. लोक हातात घेऊन म्हणत, “साडेआठशे? तांब्याचं?” तरी ताईत उघडायचा प्रयत्न केल्याशिवाय कुणी हलेना. एका शाळकरी पोरानं तो दहा मिनिटांत उघडला आणि आत काहीच नाही म्हणून आमच्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या दिवसापासून आम्ही आत एक चिठ्ठी घालू लागलो. चिठ्ठीत काय असतं, ते इथं लिहिलं तर कोण विकत घेईल?

बगळा मात्र अजून जमलेला नाही. उघडमीट होणारी चोच केली, तर ती घालणारीचे केस गिळते. नणंदेनं स्वतःवर तीनदा प्रयोग केला. तो सध्या खिडकीत उभा आहे, आणि आम्ही त्याच्यात बिलं अडकवतो.