मॉनिटर निवडताना हर्ट्झ प्रोसेसरला विचारा, पिक्सेल कार्डला

खरेदीच्या आधी

२४ इंची, १०८०पी (उंचीला १०८० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके), ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर बदलायचं नक्की झालं तेव्हा मी मॉनिटरच्या याद्या बंद ठेवल्या आणि आधी माझ्याच पीसीची मोजमापं घ्यायला बसले. १४४०पी की ४के, १४४ की २४० हर्ट्झ, हा वाद बहुतेक वेळा मॉनिटरच्या खोक्यावरचे आकडे वाचून रंगतो. पण मॉनिटर आलेली फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, दाखवतो एवढंच. ती फ्रेम तयार किती वेळात होते, यावर सगळं अवलंबून आहे.

फ्रेम तयार करण्यात दोघांचा हात असतो. गेममध्ये कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, पडलेली पेटी कुठे घरंगळली, हा हिशोब प्रोसेसर करतो आणि काय काढायचं त्याच्या सूचना ग्राफिक्स कार्डला देतो. या कामाला रिझोल्यूशनशी, म्हणजे पिक्सेलच्या संख्येशी, जवळपास देणंघेणं नसतं. पुढचं रंगवण्याचं काम कार्डाचं, आणि ते पिक्सेल वाढले की वाढतं. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम मिळू शकतील ही कमाल मर्यादा प्रोसेसर घालतो, आणि त्या मर्यादेपर्यंत कोणत्या रिझोल्यूशनवर पोचता येईल हे कार्ड ठरवतं. माझी सगळी निवड या एका गोष्टीवर झाली.

प्रोसेसरची मर्यादा शोधायची सोपी रीत आहे. व्ही-सिंक (फ्रेमना पडद्याच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद, फ्रेमची मर्यादा काढलेली, आणि रिझोल्यूशन ७२०पीवर. बाकीच्या सेटिंग मात्र आपण खेळतो तशाच ठेवायच्या, कारण गर्दीची घनता, लांबवरचं दृश्य आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) यांचा भार प्रोसेसरवरही पडतो. त्या खाली आणल्या तर आकडा खोटा फुगतो. मग गेममधल्या सगळ्यात गजबजलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. रिझोल्यूशन इतकं उतरवूनही एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम, वाढत नसेल तर तीच आपली मर्यादा.

माझ्याकडे काउंटर-स्ट्राइक २ या शूटर गेममध्ये, धूर सुटलेला आणि सगळे एकाच दारावर तुटून पडलेले, अशा वेळी ही मर्यादा साधारण २०० वर आली. पण १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात हळू निघालेल्या फ्रेमचा आकडा, १२० च्या आसपास. सायबरपंक २०७७ मध्ये बाजारातल्या गर्दीत शंभराच्या आतच. एल्डन रिंग तर पीसीवर ६० लाच बांधलेला आहे, तिथे मोजायचं काहीच नाही. माझ्या खेळण्यातला मोठा वेळ या तीन प्रकारच्या गेममध्ये जातो. त्यामुळे २४० हर्ट्झचा विचार इथेच मागे पडला. ते २४० मी भरूच शकत नव्हते.

आता कार्ड. १४४०पी मॉनिटर हाताशी नसताना १४४०पीचा भार कसा मोजायचा? एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये डीएसआर आहे, एएमडीकडे व्हीएसआर. गेम मोठ्या रिझोल्यूशनवर रंगवला जातो आणि मग आकसून जुन्या पडद्यावर दाखवला जातो. चित्र १०८०पीच दिसतं, पण कार्डावरचा भार खरा असतो. १०८०पीवरून डीएसआरचा १.७८ हा पर्याय निवडला की २५६० बाय १४४० मिळतं, ४.०० निवडला की ४के.

१.७८ आणि ४ हे पिक्सेलचेच गुणोत्तर आहेत. १०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीमध्ये ३६.९ लाख, ४केमध्ये ८२.९ लाख. १०८०पी ते १४४०पी ही उडी झेपण्यासारखी, १४४०पी ते ४के ही पुन्हा सव्वादोन पट. एफपीएस मात्र त्याच प्रमाणात पडत नाही, कारण फ्रेममधलं सगळंच काम पिक्सेलवर चालत नाही. सायबरपंकमध्ये मला १०८०पीला ८५ च्या आसपास मिळत होते, १४४०पीला ६० च्या जरा खाली, ४केला तिशीच्या घरात. १४४०पीवर डीएलएसएस (कमी पिक्सेलवर रंगवून चित्र मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) क्वालिटीवर लावलं की पुन्हा ८० च्या जवळ, कारण तेव्हा आतून गेम ९६०पीवर रंगवला जातो. ४केवर क्वालिटी म्हणजे आतून १४४०पी, शिवाय मोठं चित्र जुळवण्याचा वेळ वेगळा. तो माझ्या कार्डाला परवडत नाही. शिवाय कार्डाची ८ जीबी मेमरी ४केच्या टेक्श्चरला, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्रांना, लगेच अपुरी पडते, आणि तेव्हा सरासरी ठीक दिसत असतानाच खेळ मध्येच अडखळायला लागतो.

आकार

इथे मी पुठ्ठा कापला. २७ इंची पडदा म्हणजे जवळपास ६० बाय ३४ सेंटिमीटर, ३२ इंची म्हणजे ७१ बाय ४०. दोन्ही मापांचे पुठ्ठे टेबलावर उभे केले, डोळ्यांपासून ६५ सेंटिमीटरवर, आणि कोपऱ्यात जिथे मिनीमॅप (गेमचा छोटा नकाशा) येतो तिथे एक छोटा चौकोन काढला. ३२ इंचीत त्या चौकोनाकडे बघायला मान किंचित वळवावी लागत होती. शूटरसाठी तेवढं पुरेसं कारण आहे. निवांत, गोष्टीचे गेम खेळणाऱ्याला हाच आकार हवाहवासा वाटेल.

आकार आणि रिझोल्यूशन एकत्रच पाहायला हवेत. २४ इंची १०८०पी आणि ३२ इंची १४४०पी यांची घनता सारखीच आहे, इंचाला सुमारे ९२ पिक्सेल. ३२ इंची १४४०पी घेतला तर पडदा मोठा होतो, चित्र बारीक होत नाही. २७ इंचीवर १०८०पी म्हणजे ८२, तिथे तारांच्या आणि कुंपणाच्या कडांचे दाते स्पष्ट दिसतात. २७ इंची १४४०पी म्हणजे १०९, आणि २७ इंची ४के म्हणजे १६३. माझ्या ६५ सेंटिमीटरवरून हे अंशांत मांडलं तर २७ इंची १४४०पीवर एका अंशात ४९ पिक्सेल येतात, ४केवर ७३. चांगल्या नजरेची मर्यादा साधारण ६० धरतात. म्हणजे ४केचा फरक दिसतो, नाकारायचं कारण नाही, पण त्यातला काही भाग या अंतरावर डोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

हर्ट्झ

आकडा मोठा म्हणून उडीही मोठी, असं हर्ट्झमध्ये होत नाही. वेळात मोजलं की चित्र लख्ख होतं. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १२० ला ८.३, १८० ला ५.६, २४० ला ४.२, ३६० ला २.८. ६० वरून १२० ला जाताना ८.३ मिलिसेकंद वाचतात. २४० वरून ३६० ला, म्हणजे पुन्हा १२० हर्ट्झ वाढवून, फक्त १.४.

धूसरपणाचंही तसंच. आजचे पडदे प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतात, आपला डोळा मात्र हलत्या वस्तूमागे सरकत राहतो, आणि त्यामुळे वस्तू फराटल्यासारखी दिसते. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जाणारी वस्तू ६० ला १६ पिक्सेल फराटते, १२० ला ८, २४० ला ४. पण हे फक्त तेवढ्या फ्रेम खरोखर येत असतील तरच. १८० हर्ट्झच्या पडद्यावर ६० फ्रेमचा एल्डन रिंग चालवला तर फराटा १६ पिक्सेलचाच राहतो. नव्या मॉनिटरवर जुना गेम तसाच का वाटतो, असं कुणी विचारलं की उत्तर बहुधा इथे असतं.

म्हणून ठरलं: २७ इंच, १४४०पी, १८० हर्ट्झ. काउंटर-स्ट्राइकचे १२० ते २०० बहुतांशी त्यात बसतात, सायबरपंकचे ६० ते ८० सुद्धा.

पॅनल आयपीएस. (आयपीएस, व्हीए आणि ओलेड हे पडद्याचे प्रकार.) व्हीएचा काळा रंग मला मनापासून आवडतो, ३००० ला १ च्या आसपासचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचं गुणोत्तर) आयपीएसच्या १००० पेक्षा उघड चांगला आहे. पण काळ्यातून करड्यात जायला त्यातल्या बऱ्याच पॅनलना वेळ लागतो आणि अंधाऱ्या बोगद्यात शत्रूमागे काळा डाग ओढला जातो. ओलेडला हा दोष नाही, हालचालीत त्याच्याइतकं स्वच्छ काही नाही. मी याच पडद्यावर दिवसभर अक्षरं वाचते, एकाच जागी स्थिर पट्ट्या उघड्या असतात, आणि तिथे बर्न-इनची, म्हणजे स्थिर चित्राचा ठसा कायमचा उमटण्याची, काळजी वाटते.

लावल्यानंतर

केबलकडे आधी बघा. माझ्या मॉनिटरचा एचडीएमआय २.० आहे, त्यातून सेकंदाला प्रत्यक्ष १४.४ गिगाबिट जातात. १४४०पीवर १४४ हर्ट्झपर्यंतच यादी दिसते. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९ जातात, तिथे १८० दिसलं. दिसलं तरी विंडोज ६० वरच सुरू झालं होतं. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन बदलल्याशिवाय काही होत नाही.

मग व्हेरिएबल रिफ्रेश, म्हणजे फ्रेम येतील तसा पडद्याचा वेग बदलणं. व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्यासाठी अडॅप्टिव्ह-सिंक २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्टमध्ये आणलं आणि २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरवर ते चालवतात, त्यामुळे आता कार्ड कोणतं आणि मॉनिटर कोणता याची जोडी जुळवत बसावं लागत नाही. माझ्या पॅनलची रेंज ४८ ते १८०. ४८ च्या खाली गेलं की तीच फ्रेम दोनदा दाखवली जाते, ४० फ्रेमला पडदा ८० वर चालतो. वरच्या टोकाला मात्र आपणच बांध घालायचा. १८० ओलांडलं की सिंक सुटतं, मग एकतर चित्र फाटतं किंवा व्ही-सिंकची रांग लागून माउस जड होतो. मी १७७ वर मर्यादा घातली आहे. रिफ्लेक्स (एनव्हिडियाचं माउसचा विलंब कमी करणारं तंत्र) चालू असलेल्या गेममध्ये व्ही-सिंकसोबत एफपीएस आपोआपच थोडं खाली थांबतं.

सर्वात जास्त वेळ ओव्हरड्राइव्हला, म्हणजे रंग लवकर बदलायला पिक्सेलला धक्का देणाऱ्या सेटिंगला, दिला, आणि तो सार्थकी लागला. ब्लर बस्टर्स या संकेतस्थळाच्या यूएफओ चाचणीत उडती तबकडी नजरेने धरायची आणि तिच्या मागच्या कडेकडे पाहायचं. सर्वात कमी पायरीवर तिच्यामागे करडी शेपटी. मधल्या पायरीवर १८० हर्ट्झला शेपटी जवळजवळ गेली, खिडकीतल्या परग्रहवासीयाचे डोळे वेगळे दिसू लागले. सर्वात वरच्या पायरीवर मागे पांढुरकी कड उगवली: पिक्सेल ठरलेल्या रंगाच्या पुढे जाऊन परत येतोय. मग तीच मधली पायरी ६० हर्ट्झला तपासली, आणि तिथेही पांढुरकी कड. पडदा हळू चालताना तोच धक्का जास्त होतो. काही मॉनिटर वेगाप्रमाणे धक्का आपोआप बदलतात, माझा बदलत नाही. म्हणून शूटरला मधली पायरी, एल्डन रिंग आणि सायबरपंकला एक पायरी खाली, असे दोन प्रोफाइल मॉनिटरमध्येच साठवलेत. व्हेरिएबल रिफ्रेश वापरणाऱ्या प्रत्येकाने हे तपासावं असं मला वाटतं. खोक्यावरचा १ मिलिसेकंदात रंग बदलण्याचा दावा बहुधा त्याच सर्वात वरच्या पायरीवर मोजलेला असतो.

जुने गेम काढणाऱ्यांसाठी एक: १४४०पीवर १०८०पी चालवलं तर एका पिक्सेलचे सव्वा-दीड होतात आणि चित्र मऊ पडतं. ७२०पी मात्र बरोबर दुप्पट बसतं, इंटिजर स्केलिंग (पूर्ण पटीतच मोठं करणं) लावलं की कडा कोरीव राहतात. ४केवर हाच फायदा १०८०पीला मिळतो.

सध्या

फ्रेम जनरेशन, म्हणजे खऱ्या फ्रेममध्ये कार्डाने बनवलेल्या फ्रेम घालणं, तपासतेय. सायबरपंकमध्ये आकडा शंभराच्या वर जातो, कॅमेरा फिरवताना हालचाल खरंच गुळगुळीत दिसते. माउसचा प्रतिसाद मात्र मूळ ६०-७० फ्रेमचाच, किंबहुना किंचित मागे. गाडी चालवताना चालतं, नेम धरताना मी बंद करते. यानंतर रॅमचा वेग एक्सएमपीवर (रॅममध्ये आधीच साठवलेल्या वेगवान सेटिंगवर) नेऊन काउंटर-स्ट्राइकचा १ टक्का लो १२० च्या वर सरकतो का ते पाहणार आहे. मोजणार त्याच धुरात, त्याच दारापाशी.