ताकद लागत नाही म्हणे!

महिला दिन जवळ आला की आमच्या डोंबिवलीत सेल्फ डिफेन्सच्या वर्कशॉपचं पेव फुटतं. बॅनर, प्रमुख पाहुणे, पुष्पगुच्छ, मग तास-दोन तासांत मनगट कसं सोडवायचं, केस धरले तर काय, मागून मिठी मारली तर काय, आणि शेवटी सगळ्यांनी मुठी वर करून ग्रुप फोटो. मीही गेलेय अशा ठिकाणी, ऑफिसने पाठवलं म्हणून. एकदा तर स्टेजवरून ठणकावून सांगितलं, "ताकद अजिबात लागत नाही, फक्त टेक्निक लागतं," आणि काय टाळ्या पडल्या! आता मी जुडोला जाते ना, तर हे वाक्य कुठेही ऐकलं की माझं डोकंच फिरतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आमचा क्लब काही फार भारी वगैरे नाही हां. शाळेचा हॉल आहे, शाळा सुटल्यावर संध्याकाळी मिळतो. आधी बाकं भिंतीला सरकवायची, मग कोपऱ्यातल्या लाल-हिरव्या मॅट आणून एकमेकींत अडकवायच्या, त्यांच्या कडेचे दात झिजलेत त्यामुळे नीट बसत नाहीत, मग पोरं त्यावर उड्या मारून बसवतात. पावसाळ्यात त्या मॅटना जो वास येतो तो ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. फी महिना सातशे. पाचवीतल्या पोरांपासून रिटायर्ड काकांपर्यंत सगळे एकाच बॅचला, आणि मी सरसकट सगळ्यांची काकू. कॉलेजात जाणारा एक मुलगा मला आपटतो आणि वर विचारतो, "काकू, लागलं का हो?"

सुरुवातीला सर काहीच शिकवत नाहीत, नुसतं पडायला लावतात. उकेमी. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, पाठ गोल, आणि पाठ टेकते त्याच क्षणी हात अंगापासून थोडा लांब, सपाट, फाडकन मॅटवर. डोकं टेकलं की सर ओरडलेच. बसून पडा, उकिडवं बसून पडा, उभं राहून पडा, कंटाळा येईपर्यंत तेच, आणि बऱ्याच बायका इथेच क्लास सोडतात, कारण त्यांना हाणामारी शिकायची असते आणि इथे सारखं आडवं व्हावं लागतं. आमच्यातल्या एक काकू (माझ्यापेक्षाही काकू) जुलैत भर पावसात फडके रोडला घसरून सरळ मागे पडल्या. तळहात सोलवटला, डोकं शाबूत. भाजीवाला म्हणे, मावशी, रस्त्याला कशाला मारताय?

तर मुद्दा टेक्निकचा. वर्कशॉपमध्ये मनगट सोडवायला शिकवतात ते चुकीचं नसतं, अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तीच पकडीची कच्ची बाजू, तिकडे फिरवून ओढायचं, बरोबर आहे. पण समोर कोण असतं? आपलीच अकाउंट्समधली मैत्रीण. ती हसत हसत धरते आणि हसत हसत सोडते. आणि आपल्याला वाटतं, अरे, जमलं की!

जुडोत हे चालत नाही कारण रांदोरी असते, म्हणजे समोरचा खरोखर विरोध करतो आणि त्यालाही तुम्हाला पाडायचंच असतं. जुडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात बारा मॅटच्या जागेत हे सगळं सुरू केलं तेव्हा त्यांनी जुजुत्सु या जुन्या जपानी युद्धकलेतले ठोसे, लाथा, हाडं मोडणारे प्रकार मोकळ्या सरावातून बाजूला काढले. ऐकायला वाटतं की मग धार गेली, पण झालं उलटंच. डोळ्यात बोट घालायची प्रॅक्टिस कोणावर करणार, ती कायम हवेतच करावी लागते, पण ओ-सोतो-गारी, म्हणजे पायाने पाय झाडून मागे पाडायचा डाव, मात्र रोज, पूर्ण जोर लावून, नको म्हणणाऱ्या माणसावर करता येते आणि दोघंही दुसऱ्या दिवशी कामाला जातात.

पहिल्यांदा मला केसा-गातामेत, म्हणजे उताणं पाडून मॅटवर दाबून ठेवायच्या पकडीत, धरलं ते आठवतंय. समोरचा शेजारी बसल्यासारखा अंगावर येतो, एक हात मानेखालून, तुमचा दंड त्याच्या काखेत आवळलेला, सगळं वजन छातीवर. मॅचमध्ये २० सेकंद असं धरलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, खेळ खलास. वीस सेकंद म्हणजे काय हे तिथे कळतं. कपड्याची जाड कॉलर गळ्याला घासतेय, दुसऱ्याचा घाम आपल्या डोळ्यात, श्वास अर्धाच येतोय, आणि डोक्यात काही म्हणजे काही नाही. शिकलेलं सगळं गायब! सर शांतपणे बाजूला बसून म्हणतात, "ताई, आधी श्वास. मग कंबर. हात शेवटी." आता तसंच धरलं तर मी बहुतेक वेळा सुटत नाहीच, पण घाबरतही नाही, कंबर त्याच्याखाली सरकवायला जागा शोधत राहते, आणि हे कुठल्याही वर्कशॉपात मिळणार नाही, कारण कोणी अंगावर बसल्याशिवाय ते येतच नाही.

आणि ताकदीचं म्हणाल तर सरळ विचार करा ना, ताकद लागत नसती तर वजनगट कशाला ठेवले असते? बायकांत ४८ किलोपासून ७८ च्या वरपर्यंत सात गट आहेत. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये आपल्या सुशीला देवीने सिल्व्हर आणलं ४८ मध्ये, तुलिका मानने आणलं ७८ च्या वर, दोघींना कोणी एकमेकींसमोर उभं करणार नाही. बरोबरीच्या वजनात टेक्निक जिंकतं, थोड्या फरकातही जिंकतं, पण माझ्या दीडपट माणसाने दोन्ही हातांनी धरलं तर माझी पहिली चाल पळणं, दुसरी बोंब मारणं. आमचे सरही हेच सांगतात, आणि ते ब्लॅक बेल्ट आहेत.

बाकी टेक्निकची महती मला अमान्य नाही हं. केइको फुकुदा नावाच्या बाई होत्या, कानोंच्या थेट शिष्या, पाच फुटांपेक्षा बुटक्या. बायकांना पाचव्या दानच्या (दान म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) वर जाऊ द्यायचं नाही असा नियम होता म्हणून वर्षानुवर्षं पाचव्यावरच अडकल्या, सहावा मिळाला १९७२ मध्ये, आणि शेवटी अमेरिकेत २०११ मध्ये दहावा, वयाच्या ९८ व्या वर्षी! पण त्या आयुष्यभर मॅटवर होत्या. दोन तास नाही.

कायद्याचं पण बायका नेहमी विचारतात, की मारलं तर आपल्यावरच केस होईल का. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यातच आहे, आधी आयपीसीत होता, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४. फक्त गरजेपुरतंच. तो खाली पडला, धोका टळला, आणि तरी तुम्ही लाथा घालत राहिलात तर ते त्यात बसत नाही.

कोणाला क्लब शोधायचा असेल तर एक दिवस नुसतं बसून बघा. खरा विरोध करणारा पार्टनर देतात का, की सगळं हवेतच चालतं. दोनदा टॅप केलं, म्हणजे 'सोड' म्हणून हाताने थोपटलं, की समोरचा लगेच सोडतो का, हे तर आधी बघा, जिथे हसून अजून दोन सेकंद धरून ठेवतात तिथून चालू पडायचं. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि दर वेळी वेगळी फी असेल तर तुमचं तुम्ही ठरवा. आणि जुडोचा ड्रेस घेताना एक साईज मोठा घ्या, कॉटन असतो, पहिल्याच धुण्यात आटतो, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही त्यामुळे जमलं तर दोन घ्या.