तेवढी एक ओळ

सोमवार, रात्र

झालं एवढंच की कोपऱ्यावरच्या जैन शेठजींनी हात जोडले आणि मी "नहीं नहीं भिया, ऐसी कोई बात नहीं" म्हणून पोह्यांची पिशवी उचलून चालू लागले.

दुकानात गर्दी नव्हती. परवा रात्रभर गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या झांक्या बघून आलेलं इंदूर अजून डोळे चोळत होतं. मी पोहे, जिरावन आणि अर्धा किलो साखर सांगितली. शेठजींनी वजन केलं, पिशवीला गाठ मारली आणि गल्ल्यामागून उठून उभे राहिले. मला वाटलं, वरच्या फळीवरचं काही काढायचं असेल. तर त्यांनी हात जोडले. "उत्तम क्षमा, मैडम. सालभर में जाने-अनजाने कोई भूल हुई हो तो क्षमा करना." पर्युषणाच्या दहा दिवसांच्या उपासांनी चेहरा ओढलेला, गालावर पांढरे खुंट, बोटांना अजून साखरेचे कण.

वीस वर्षं त्यांच्याकडून वाणसामान घेतेय. दर भाद्रपदात हे ऐकते आणि विसरते. आज घरी येताना जिन्याच्या दुसऱ्या वळणावर एकदम लक्षात आलं की मी पाठ फिरवली तेव्हाही त्यांचे हात जोडलेलेच होते. ते थांबले होते. आता मी म्हणायचं होतं. त्यांनी मागायची, मग मी मागायची, अशी ती रीत आहे. आणि मी वीस वर्षं त्यांची क्षमा दिवाळीच्या कॅलेंडरसारखी घेऊन घरी येतेय.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "ते सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतात, तू एवढं काय लावून घेतेस?" बरोबरच आहे. ह्यांचं नेहमी बरोबरच असतं, आणि हॉस्पिटलनंतर तर मी वाद घालणं सोडूनच दिलंय.

पण मला राग आला, आणि तो शेठजींचा नव्हता. मनात आलं, एवढ्या वर्षांत माझी क्षमा कोणी मागितली? एका किराणा दुकानदाराने, तीही पंचांगात तिथी आली म्हणून. माझ्या माणसांपैकी कोणी? आईच्या आजारपणात नगरच्या खेपा मी घातल्या. रात्रीची बस, सकाळी तारकपूरला उतरायचं, तसंच दवाखान्यात. (आता अहिल्यानगर म्हणायचं. माहेराला सासरचं नाव मिळालं असं मी म्हणते, तर वरच्या काकू म्हणतात, उलट आहे, अहिल्याबाई तुमच्याच चौंडीच्या, आम्ही उसन्या घेतल्या.) आणि इतकं करून शेवटी आईचे तोडे कुठे गेले? जाऊ दे. लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मंगळवार

झोप नीट लागली नाही. पहाटे प्रार्थनेला बसले आणि त्या ओळीवर अडले.

मी घरी मराठीत प्रार्थना करते. चर्चमध्ये हिंदीत. लग्न होऊन आले तेव्हा हिंदी उपासनेत तोंड हलवायचे नुसती, मग सवय झाली, आता हिंदी भजनंही पाठ आहेत. पण देवाला मराठी जास्त चांगलं समजतं हा लहानपणचा समज काही गेला नाही. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना दोन्हीकडे तीच आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले. ती तीच नाही. चर्चमध्ये मी म्हणते, "जिस प्रकार हमने अपने अपराधियों को क्षमा किया है, वैसे ही तू भी हमारे अपराधों को क्षमा कर." घरी म्हणते, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हास सोड."

अपराध आणि ऋण. अपराध हवेतला असतो. रविवारी सगळ्यांबरोबर उभं राहून, वहिनीने माझा अपराध केला, मी क्षमा केली, असं म्हणायला काहीच लागत नाही. मी ते शेकडो वेळा केलंय आणि खरं सांगते, मनापासून केलंय. तिच्याबद्दल वाईट चिंतत नाही. तिच्या गुडघ्यांसाठी प्रार्थनाही करते. पण ऋण? ऋण तोळ्यांत असतं. पाच तोळे, दोन तोडे, पेच थोडा सैल झालेला, एकाच्या आतल्या बाजूला आईच्या नावाचं अक्षर. ते सोडायचं म्हणजे "माझं काही देणं लागत नाहीस" असं म्हणायचं. ते मी अजून म्हटलेलं नाही. आणि रोज पहाटे मी देवाला सांगते की सोडलं आहे. "सोडू" असं नाही म्हणत, "सोडले आहे" म्हणते.

दुपारी शास्त्र, म्हणजे बायबल, काढून बसले. आशूने दिलेली त्यावरची ती जाड टीका पण काढली (स्वतः उघडत नाही, मला देतो). मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये देणं, कर्ज असाच शब्द आहे, म्हणजे मराठीवाले चुकलेले नाहीत. लूकने मात्र पहिल्या अर्ध्यात "पापं" लिहिलं आणि दुसऱ्या अर्ध्यात "ऋणी" तसाच ठेवला. आणि येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात पाप आणि देणं दोन्हींना एकच शब्द चालतो. म्हणजे हिंदीवालेही चुकलेले नाहीत. मला आधार मिळाला की पळवाट, कळत नाही.

त्यातून रविवारचा पाठ नेमका निर्दयी चाकराचा होता. हिंदी शास्त्रात तो "दस हज़ार तोड़े" देणं लागतो. तोड़ा म्हणजे पैशांची थैली, हे मला ठाऊक आहे. पण पाळकसाहेबांनी घसा खाकरून "दस हज़ार तोड़े" म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दरवेळी आईचे हात येतात, कोपरापर्यंत तोडेच तोडे. एकदा हसूही आलं होतं. या रविवारी नाही आलं.

पाळकसाहेब म्हणाले, राजाने एवढं प्रचंड माफ केलं आणि या माणसाने सोबतीच्या चाकराची शंभर दिनारांची चिल्लर सोडली नाही. चिल्लर कशी? एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, त्याच मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. आजच्या रोजाने पाचशे धरले तरी पन्नास हजार. कोण सोडतं पन्नास हजार? हां, समोर दहा हजार तोडे ठेवले की ते चिल्लर दिसतात. एका तोड्याचे सहा हजार दिनार धरून मी ह्यांच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला. सहा कोटी दिवसांची मजुरी, म्हणजे एक लाख चौसष्ट हजार वर्षं. पण प्रभूने धाकटं कर्ज क्षुल्लक ठेवलेलं नाही, हे माझ्या आज पहिल्यांदा लक्षात आलं. दुखेल एवढं ठेवलंय. हे पाळकसाहेबांना सांगायला हवं. नाही सांगणार.

संध्याकाळी काकू वाटीभर काळे तीळ मागायला खाली आल्या, पक्ष सुरू झालाय. माझ्याकडे तीळ असतात हे त्यांना माहीत आहे, चटणीचे. शास्त्र उघडं दिसलं म्हणून विचारलं, काय वाचतेस. मी ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाल्या, "ऋण सोड? ऋण फेडायचं असतं गं. ह्यांच्या वडिलांचं मी अजून फेडतेय, ते जाऊन तीस वर्षं झाली." आणि तीळ घेऊन गेल्या. त्यांना उत्तर द्यायला हवं होतं. आमचं ऋण फिटण्यासारखं नाही म्हणून तर एकाने फेडलं, असं काहीतरी. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे मुलांना धडाधड सांगते. जिन्यात माणूस उभं असलं की सुचत नाही.

मंगळवार, परत, रात्री

सिस्टर राणी मारियांची आठवण येतेय. 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं, तेव्हा मी इथे नवी होते. गरिबांना सावकारांच्या कर्जातून सोडवत होत्या म्हणून ते सावकार उलटले होते. बघा, तिथेही कर्जच. पुढे 2002 साली त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. मी कॅथलिक नाही, पण गेले होते. मागे, मंडपाच्या कडेला उभी होते आणि रडले. घरी आल्यावर त्याच रात्री वहिनीचा फोन वाजला आणि मी ह्यांना म्हटलं, सांगा, झोपलीय.

बुधवार

सकाळी शेठजींकडे गेले. पाठ करून गेले होते. दुकानात दोन बायका होत्या, त्या जाईपर्यंत उगाच राजगिऱ्याचे लाडू बघत उभी राहिले. मग म्हटलं, "भिया, परसों आपने क्षमा माँगी, मैंने नहीं माँगी. मुझसे भी कोई भूल हुई हो तो..."

त्यांनी हात जोडले. "अरे मैडम. उत्तम क्षमा."

तिथेच थांबायला हवं होतं. पण जिन्याच्या वळणापासून एक गोष्ट टोचत होती ती तोंडातून निघालीच. 2021 च्या एप्रिलमध्ये हे ऑक्सिजनवर होते तेव्हा त्यांचा मुलगा तांदूळ, तेल आणि साखर दारात ठेवून गेला होता. ते पैसे मी कधी दिले नाहीत. विसरले असं म्हणवत नाही, दोनदा आठवण झाली होती. दोन्ही वेळा वाटलं, तूरडाळीत त्यांनी आतापर्यंत वसूल केले असतील. हेही मी त्यांना सांगितलं, डाळीचंसुद्धा. का सांगितलं देव जाणे.

शेठजी हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी लाल वही काढली, मग ती ठेवून आणखी खालची जुनी काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि बोट ठेवलं. "हओ. है ना. तीन सौ चालीस."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, "आपने कभी माँगे नहीं?"

"उस टाइम आप परेशान थीं."

"और बाद में?"

"बाद में आप याद करतीं." खांदे उडवले. मग गल्ल्याकडे बघत म्हणाले, "मैडम, क्षमा अपनी जगह, हिसाब अपनी जगह."

मी पाचशेची नोट दिली. त्यांनी एकशे साठ परत केले आणि पट्टी ठेवून त्या ओळीवर सरळ रेघ मारली. हाताने मारली असती तरी चाललं असतं, पण पट्टी ठेवली. चार वर्षं ते तीनशे चाळीस तिथे होते, आणि त्या काळातल्या पाचही भाद्रपदांत या माणसाने माझ्यापुढे हात जोडले होते. माझ्यावर रागही नाही आणि हिशेबात काटही नाही. मला हे जमत नाही असं म्हणता येणार नाही, मी वहिनीशी अगदी हेच करतेय. फक्त शेठजी ते लपवत नाहीत, आणि ते देवाला दुसरं काही सांगत नाहीत.

तरी घरी येताना हलकं वाटलं हे खोटं नाही. एकशे साठातून गरमागरम कचोऱ्या घेतल्या, ह्यांना तेलकट चालत नाही तरी.

गुरुवार

काल रात्री वहिनीला मेसेज लिहायला घेतला. "वर्षभरात जाणता-अजाणता माझ्याकडून..." एवढं लिहून वाचलं तर कोणीतरी फॉरवर्ड केलेला वाटला. पुसला. "तोडे तुझ्याकडेच राहू देत" असं लिहिलं. ते वाचून असं वाटलं की जणू माझ्या हातातच आहेत आणि मी देतेय. पुसलं. मग "नगरला पाऊस आहे का?" असं पाठवलं.

सकाळी उत्तर आलं होतं. "हो. तिकडे?"

इकडे नाहीये. तसं कळवलं. त्यावर तिने गुडघ्याचा एक्स-रे पाठवला, काहीही न लिहिता. मी तो फोन आडवा-उभा करून बराच वेळ बघितला, जसं काही मला कळतं. हे म्हणाले, झीज बरीच आहे. मग मी दोन ओळी लिहिल्या, शेकाबद्दल आणि जिन्याबद्दल. तोड्यांचं काही नाही.

रात्री प्रार्थनेला बसले. सगळी मराठीत म्हटली. तेवढी एक ओळ हिंदीत म्हटली.