अक्कायाउरे मॉडेल, अपडेट ४: किनारा दोनदा कापला

दीड महिन्याने लिहितोय, पण तळ पूर्ण झालाय! नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, अक्कायाउरे म्हणजे उत्तर स्वीडनमधला, आर्क्टिक सर्कलच्याही वरचा लुले नदीवरचा जलाशय, लांबी साधारण ६० किमी, म्हणून १ : १,००,००० ने मॉडेल ६० सेंमीचं होतंय. २ एमएम पुठ्ठा, कटर आणि फेविकॉल, बाकी काही नाही.

आधी मी समुद्रसपाटीपासून ४५३ मीटर उंचीची एकच किनाऱ्याची रेघ कापून चिकटवली होती, नकाशात तशीच दिसते ना. मग लक्षात आलं की हे पाणी ४५३ ते ४२३ च्या मधे वरखाली होतं, म्हणजे तब्बल ३० मीटर! उन्हाळ्यात बर्फ वितळून भरत जातं, शरदात सगळ्यात वर असतं, आणि हिवाळाभर वीज काढत काढत वसंतात तळाला जातं. मग किनारा एक रेघ कसा असेल, तो अख्खा पट्टा आहे, उघडा, दगडगोट्यांचा. सगळं उचकटलं आणि त्या ३० मीटरला १०-१० मीटरचे तीन थर दिले, रंग करडा. पाण्याचे पण तीन निळे थर केलेत, न चिकटवता, एकेक उचलला की पाणी उतरतं. हे बघायला इतकं भारी वाटतं की मी दिवसातून चार वेळा उचलून बघतो.

उंचीचा घोळ मात्र झाला. १० मीटरला २ एमएम धरलं तर २०१५ मीटरचा अक्का डोंगर पाण्याच्या वर ३० सेंमीच्या पुढे जातो, तळ्यापेक्षा डोंगरच दिसणार. म्हणून ५०० मीटरच्या वर एक थर = ५० मीटर. उंचीचं प्रमाण मधेच बदलतं हे मला मान्य आहे, पण मॉडेल पाण्याचं आहे.

साठा जवळपास ६ अब्ज घनमीटर, आपल्या भाषेत २०० टीएमसीच्या वर, म्हणजे कोयनेच्या साधारण दुप्पट. खाली पोर्युसचं वीजघर १९१५ ला सुरू झालं, पण हिवाळ्यात नदीला पाणी कमी, म्हणून वर सुओर्वाला हा जलाशय अडवणारं धरण. ती जागा १९०९ च्या स्टोरा शोफालेट नॅशनल पार्कमधली, १९१९ ला ती पार्कमधून काढून घेतली आणि त्याच वर्षी काम सुरू. पुढे भिंत वाढवत वाढवत १९७२ पर्यंत. आधी इथे सुटी सुटी तळी होती, ती एकत्र झाली, आणि इथल्या मूळनिवासी सामी लोकांची घरं, किनाऱ्याची कुरणं पाण्याखाली गेली, प्रत्येक वाढीला पुन्हा वर सरकायचं. हे वाचल्यापासून मला तो करडा पट्टा नुसता रंग म्हणून लावता येत नाही. आणि ज्या धबधब्यावरून पार्कचं नाव पडलं त्याचं बहुतेक पाणी आता बोगद्यातून व्हिएतासच्या वीजघराकडे जातं.

तो बोगदा कसा दाखवू? पुठ्ठ्याखालून लाल तार न्यायचा विचार आहे, पण व्हिएतासच्या बाजूला फक्त चार थर आहेत, तार वर येईल असं वाटतंय. कोणी असं केलं असेल तर सांगा. पुढच्या रविवारी सुओर्वाची भिंत बसवतोय.